पॉलिमर घ्यावं का अ‍ॅल्युमिनियम? रायफलची बॉडी निवडायची कशी, आपल्या मराठवाड्यातल्या नव्या शूटरसाठी

लातूर म्हणा, नांदेड म्हणा, परभणी म्हणा, रायफल शूटिंग शिकणारी लेकरं आता सगळीकडं दिसायलेत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हापासून तर आईबापच स्वतःहून चौकशी करायलेत, ही लई चांगली गोष्ट आहे. पण रायफल घ्यायची वेळ आली की बहुतेक पोरं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि मग एकच प्रश्न घेऊन येतात, पॉलिमर लोअर चांगला का अ‍ॅल्युमिनियम लोअर. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो आपल्या रायफलला लागू करायचा असेल तर थोडा फिरवून घ्यावा लागतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, दुकानात जायच्या आधी वाचा.

आधी त्या व्हिडिओतलं लोअर म्हंजे काय ते बघू. तिकडं एआर-१५ नावाची रायफल आहे, तिचे दोन मुख्य भाग, वरचा अप्पर रिसीव्हर आणि खालचा लोअर रिसीव्हर, दोन पिनांनी एकमेकांना जोडलेले. अप्परमध्ये नळी, बोल्ट आणि साइट, म्हंजे नेम धरायची खूण. लोअरमध्ये ट्रिगर, मॅगझिनची जागा, हाताची ग्रिप, आणि मागं खांद्याचा दांडा जिथं आटे फिरवून बसतो ते गोल कडं. अमेरिकेच्या कायद्यात यातला लोअरच बंदूक म्हणून धरला जातो, नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, त्यामुळं तिकडचे लोक त्याच्यावर एवढा खल करतात. चांगला अ‍ॅल्युमिनियम लोअर ७०७५-टी६ जातीच्या मिश्रधातूतून ठोकून घडवतात आणि वर अ‍ॅनोडायझिंग करतात, म्हंजे पृष्ठभागावर कडक थर धरवतात. पॉलिमरचा लोअर म्हंजे बहुतेक वेळा काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन, साच्यात ओतलेलं, वजनाला हलकं आणि स्वस्त. पॉलिमर लोअर मोडला तर तो जास्त करून मागच्या त्या कड्याजवळ नाहीतर पिनच्या भोकाजवळ मोडतो, कारण खांद्यावरचा सगळा धक्का तिथंच येतो. आणि अचूकपणाचं म्हणाल तर लोअर कशाचा आहे यानं निशाण्यात फारसा फरक पडत नाही, कारण नळीबी वर आणि साइटबी वर.

ही शेवटची गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता तसली रायफल आपल्याकडं सर्वसामान्य माणसाला मिळत नाही, आणि घरी नाहीतर वर्कशॉपमध्ये काही पार्ट बनवून बघू असा विचार कुणाच्या मनात येत असेल तर तो तिथंच थांबवा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात विनापरवाना शस्त्र बनवणं हा मोठा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे. लेथवर काम करणारी हुशार पोरं आपल्याकडं भरपूर आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आपल्या लेकरांच्या हातात जी असते ती १० मीटरची एअर रायफल. ४.५ मिलिमीटर म्हंजे .१७७ बोअर, दाबलेल्या हवेवर चालणारी. .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असेल तर आपल्याकडं शस्त्र परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं जातो, म्हणून ताकदीच्या मागं लागायचं कारणच नाही. जोरात मारणारी रायफल म्हंजे चांगली रायफल असं दुकानात कुणी सांगायला लागलं तर दुसरं दुकान बघा.

या रायफलमध्ये अप्पर-लोअर नसतं पण भाग तसेच दोन पडतात. वरचा भाग अ‍ॅक्शन, त्यात नळी, हवेचा सिलिंडर, ट्रिगरची यंत्रणा, आणि पुढची मागची दोन्ही साइट त्याच्यावरच बसलेल्या. खालचा भाग स्टॉक, जो तुमच्या हाताला, गालाला आणि खांद्याला लागतो. पॉलिमर का अ‍ॅल्युमिनियम हा प्रश्न इथं या स्टॉकला लागू होतो, आणि तिसरा गडी लाकूड तर आहेच, अजूनही कित्येक क्लबात लाकडीच रायफली आहेत आणि एनसीसीत .२२ ज्यांनी चालवली त्यांना लाकडी स्टॉक ओळखीचा आहे.

मग स्टॉकनं निशाणा बदलतो का? सरळ नाही बदलत, पण दोन वाटांनी बदलतो, आणि दोन्ही वाटा समजल्या की निवड सोपी होते.

थोडा हिशोब करा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊची रिंग साडेपाच मिलिमीटरची. दशांश मार्कांत एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, म्हंजे ६० गोळ्यांच्या मॅचला ६५४. १०.९ आणि १०.६ यातला फरक पाऊण-एक मिलिमीटरच्या आतला. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये समजा ८० सेंटीमीटर अंतर आहे, तर एक साइट मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी जरी सरकली तरी टार्गेटवर पाव मिलिमीटर फरक दिसतो. एवढ्या बारीक कामात पहिली वाट ही की अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ज्या बोल्टांनी घट्ट बसते ती बैठक रोज तशीच राहते का. ती ढिली झाली नाहीतर वेडीवाकडी ताणली गेली की नळीवर ताण येतो आणि ग्रुप, म्हंजे टार्गेटवर गोळ्यांचा पडणारा झुबका, सरकतो. दुसरी वाट गालाची. पीप साइट म्हंजे मागची भोकाची साइट, तिच्यातून बघताना डोळा बारीक भोकाच्या बरोबर मधोमध पाहिजे, प्रत्येक गोळीला त्याच जागी. चिक पीस, म्हंजे गाल टेकवायचा भाग, थोडा जरी दबला नाहीतर हलला तरी डोळा सरकतो आणि पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकायलंय. कोच ओरडतो ट्रिगर नीट दाब म्हणून, आणि दोष असतो एका ढिल्या स्क्रूचा. हे लई वेळा होतं आणि लेकराचा आत्मविश्वास उगं जातो.

म्हणून स्टॉक निवडताना विचारायचं ते हे, अ‍ॅक्शनची बैठक पक्की आहे का, आणि गाल-खांद्याचे भाग माझ्या अंगाला बसवून तिथंच लॉक होतात का. मटेरियल या दोन प्रश्नांच्या उत्तरापुरतं महत्त्वाचं.

पॉलिमर

स्टॉकसाठी वापरतात ते चांगलं पॉलिमर म्हंजे काचतंतूवालं नायलॉन. एकाच मापाचा तुकडा घेतला तर अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्या वजनाचा भरतो, पण कडकपणात अ‍ॅल्युमिनियम त्याच्या सात ते दहा पट पुढं असतं, म्हणून पॉलिमरचे पार्ट जाड करतात आणि आतून पट्ट्या देतात. गंजत नाही, घामानं काही होत नाही, उन्हाळ्यात गालाला चटका देत नाही, किंमत कमी. बारा-तेरा वर्षांच्या लेकराला हलकी रायफल लागते आणि तिथं पॉलिमर खरंच कामाचं आहे.

त्याच्या खोडी दोन. एक म्हंजे सतत दाबाखाली ते हळूहळू बसतं. स्क्रू घट्ट करून ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रूखालचं प्लास्टिक किंचित दबलेलं असतं आणि स्क्रू आपोआप ढिला वाटतो, कुणी हात न लावता. नायलॉन हवेतला ओलावाबी शोषतं आणि तेव्हा थोडं मऊ पडतं, म्हंजे पावसाळ्यात जास्त लक्ष द्यायचं. दुसरी खोड आट्यांची. प्लास्टिकमध्ये सरळ पाडलेले आटे चार-सहा वेळा स्क्रू काढघाल केली की घासून जातात. म्हणून घेताना बघा की आट्यांच्या जागी पितळेची नाहीतर स्टीलची बुशिंग, म्हंजे आतून आटे असलेली धातूची बांगडी, बसवलेली आहे का, आणि अ‍ॅक्शनचा बोल्ट जिथून जातो तिथं आरपार धातूची नळी आहे का. ही दोन असली तर पॉलिमर स्टॉक बिनधास्त घ्या. नसली तर स्वस्तात मिळाला तरी नको.

स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल, म्हंजे नळी वाकवून भरायची, रायफल असेल तर हे दुप्पट लागू. स्प्रिंगच्या रायफलला पुढंमागं दोन्हीकडं झटका असतो आणि त्यानं सगळे स्क्रू सैल होत राहतात. आधीच हवा भरून ठेवायची जी पीसीपी रायफल असते तिला झटका जवळपास नसतो, तिचा पॉलिमर स्टॉक कितीतरी जास्त टिकतो.

लाकूड

बीच, अक्रोड, नाहीतर थर चिकटवलेलं लॅमिनेट. हाताला गोड लागतं, गालाला गोड लागतं, कंप शोषतं. पण आपल्याकडची हवा लाकडाला सोपी नाही. मे महिन्यात हवा एकदम कोरडी, तापमान ४२-४४ आणि लगेच जून-जुलैत दमट. साधं एकजीव लाकूड या बदलात फुगतं आणि आकसतं, रेषांच्या आडव्या दिशेनं जास्त, आणि बोल्टचा ताण बदलतो. लॅमिनेट बरंच स्थिर असतं. लाकडी रायफल असेल तर मोसम बदलला की बोल्ट तपासायचे, मृग लागला की एकदा आणि थंडी पडली की एकदा, तेवढं पुरतं.

अ‍ॅल्युमिनियम

आता वरच्या पातळीवर बघाल तर जास्त करून हेच दिसतं, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झ, स्टायर, पार्दिनी सगळ्यांच्या मॅच रायफली अ‍ॅल्युमिनियम स्टॉकमध्ये येतात. त्याचं मोठं कारण असं की धातूत बारीक मापाच्या खाचा, सरकपट्ट्या आणि आटे पाडता येतात, म्हणून बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) वर-खाली, आत-बाहेर, तिरकी, चिक पीस चारी दिशांना, ग्रिप पुढं-मागं, सगळं मिलिमीटरमध्ये बसवता येतं आणि लॉक केलं की हलत नाही. वरून खुणा कोरलेल्या असतात त्यामुळं लेकरू मोठं झालं की नवीन माप लावायचं आणि वहीत लिहून ठेवायचं.

जातीबद्दल सांगायचं तर ६०६१ आणि ७०७५ ही दोन नावं ऐकू येतील. ७०७५ ताकदीला बरंच पुढं आहे, पण कडकपणा दोघांचा जवळपास सारखाच, आणि एअर रायफलच्या स्टॉकवर एवढा जोर येतच नाही की ६०६१ कमी पडेल. एआर-१५ च्या व्हिडिओत ७०७५ चा जप असतो कारण तिथं खरा धक्का असतो. आपल्याला फक्त मशीनिंग स्वच्छ आहे का आणि अ‍ॅनोडायझिंग एकसारखं आहे का ते बघायचं. पावडर कोटिंगचा जाड थर सरकपट्टीत असेल तर पट्टी अडकते, हे हात लावून कळतं.

खोडी यालाबी आहेत. वजन, हे पहिलं. नियमात एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा आहे, आणि बाप लोक त्याचा अर्थ साडेपाच किलोची घ्यायची असा काढतात. ती मर्यादा आहे. पाठीचा कणा अजून वाढायचाय अशा लेकराच्या हातात एवढी जड रायफल दिली तर ते कमरेतून मागं वाकून उभं राहतं, आणि ती सवय आणि ते दुखणं दोन्ही राहतं. मी तर म्हणेन चौदा वर्षांच्या आत चार किलोच्या खाली ठेवा आणि वजन वर्षा-वर्षानं वाढवा. दुसरी खोड ऊन. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लगेच घेतं आणि लगेच देतं, मे महिन्यात बंद गाडीत रायफल ठेवली की हात लावता येत नाही. तिसरी घाम. घामातलं मीठ, अ‍ॅल्युमिनियमचे आटे आणि स्टीलचा स्क्रू एकत्र आले की हळूहळू पांढरी भुकटी धरते आणि एक दिवस स्क्रू जाम होतो, जोर लावला तर आटेच निघून येतात. प्रॅक्टिस झाली की कोरड्या सुती कापडानं पुसायचं, आणि स्क्रूला अगदी नावापुरतं ग्रीस लावायचं.

दुकानात, नाहीतर कुणाच्या घरी जुनी बघायला गेल्यावर

पहिलं काम, रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करायची, चेंबर उघडून बघायचं आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हंजे रिकामी असल्याची दिसणारी रंगीत पट्टी, घालायचा, विकणारा कितीही म्हणाला रिकामीच आहे तरी. मग स्टॉकचा पुढचा भाग, जिथं डावा हात येतो, तो मुठीत धरून दाबा आणि पिळून बघा, पॉलिमर असेल तर किती दबतो ते कळतं आणि नळीला टेकतो का तेबी दिसतं. टेकला तर नको. चिक पीस लॉक करून अंगठ्यानं चारी बाजूंनी ढकला, बट प्लेट लॉक करून रायफल टेबलावर उभी टेकवून हलकं दाबा, काही कुरकुरलं, सरकलं, टक्‌ वाजलं तर तो भाग आतून सैल आहे. सगळे स्क्रू एकदा बघा, डोकी गोल झालेली असतील तर आधीच्या मालकानं चुकीची अ‍ॅलन की वापरलीय आणि आतले आटेबी त्यानं तसेच हाताळले असणार.

जुन्या पॉलिमर स्टॉकमध्ये बोल्टच्या भोकांभोवती बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा, केसासारखी चीर असेल तर दिसते. एआरच्या लोअरला जिथं मोडतं, म्हंजे मागचा दांडा जिथं मुख्य भागाला जोडला जातो, ती जागा इथंबी तशीच कच्ची असते, तिथं जास्त वेळ द्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये सरकपट्ट्यांवर काळा रंग उडून चंदेरी दिसत असेल तर वापर भरपूर झालाय, पण चालतं, फक्त लॉक पकडतो का तेवढं बघा.

आणि जुन्या रायफलमध्ये स्टॉकपेक्षाबी आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. हवेच्या सिलिंडरला कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि तारीख त्याच्यावरच कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर बदलणं ही नियमानं खेळाडूची जबाबदारी आहे, इक्विपमेंट कंट्रोलला, म्हंजे स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीला, तो तपासला जाऊ शकतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हंजे आत २०० बारचा दाब असतो, लेकराच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. दोन लाखांची रायफल लाखात मिळतेय म्हणून घ्यायची आणि सिलिंडर बाद निघायचा, नवा मागवायला महिने, तोवर लेकरू बसून. सिलिंडरची किंमत आधी विचारा, ती वजा करून मग भाव करा. बिल, जुन्या मालकाचं लेखी पत्र, रायफलचा नंबर, हे सगळं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर स्टॉक अंगाला बसवायचा

इथंच लोक घाई करतात. चांगली अ‍ॅल्युमिनियमची रायफल घेतात आणि फॅक्टरीतून आली तशीच वर्षभर चालवतात, मग त्या सगळ्या सेटिंगचे पैसे कशाला दिले? माझा अनुभव असा की नीट बसवलेला साधा पॉलिमर स्टॉक न बसवलेल्या महागड्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त मार्क देतो, आणि हे मी कुणालाबी ठामपणे सांगतो.

बसवताना शूटिंगचं जॅकेट, पँट, बूट सगळं अंगात पाहिजे. नुसत्या टी-शर्टवर माप घेतलं तर जॅकेट घातल्यावर सगळं बदलतं. आधी रायफलशिवाय उभं राहा, पाय खांद्याएवढे फाकवून, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकेल असं, मान सरळ. ही मान सरळ राहिली पाहिजे, रायफल डोळ्याकडं आणायची, डोकं रायफलकडं न्यायचं नाही. आता रायफल उचला आणि पहिल्यांदा स्टॉकची लांबी ठरवा. खांदा पुढं न ओढता बट प्लेट खांद्यात बसली पाहिजे, बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ मागं दाबेल असं पडलं पाहिजे आणि बोटाची बाजू स्टॉकला घासायला नको. डोळा मागच्या साइटपासून साधारण पाच ते दहा सेंटीमीटरवर राहील असं बघा.

लांबी झाली की बट प्लेटची उंची. मान वाकत असेल तर बट प्लेट खाली करा म्हंजे रायफल वर येते, तरी पुरत नसेल तर साइट उंच करायचे रायझर मिळतात. त्यानंतर चिक पीस. डोळे मिटून गाल आरामात टेकवा, मग डोळा उघडा, पुढच्या साइटची रिंग पीपच्या मधोमध दिसली पाहिजे, गाल जोरात न दाबता. वर दिसली, खाली दिसली तर चिक पीस हलवा, मान नाही. सगळ्यात शेवटी पुढच्या हाताचा आधार, मूठ का बोटं ते ज्याच्या त्याच्या हाताच्या लांबीवर, म्हणून त्यात मी मत देत नाही, कोचला बघू द्या.

मग नैसर्गिक दिशा तपासा. टार्गेटवर धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट बाजूला गेली असेल तर हातानं ढकलू नका, पाय सरकवा. वर-खाली गेली असेल तर बट प्लेटची उंची.

एका दिवशी एकच गोष्ट बदला. हे नियमासारखं पाळा. बदललं की दहा-दहाच्या तीन-चार सिरीज मारा, वहीत लिहा, मग पुढचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशानं झाला आणि नुकसान कशानं, काहीच कळत नाही. पॉलिमर स्टॉकवर खुणा कोरलेल्या नसतात, तिथं पांढऱ्या मार्करनं बारीक रेघ ओढून ठेवा, स्क्रूच्या डोक्यावरबी एक रेघ आणि शेजारी स्टॉकवर एक, दोन रेघा समोरासमोर नसल्या की स्क्रू फिरलाय हे लांबूनच दिसतं. अ‍ॅक्शनचे बोल्ट मात्र अंदाजानं कसू नका. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा, म्हंजे किती जोरानं कसायचं त्याचा, आकडा दिलेला असतो, छोटा टॉर्क रेंच क्लबनं मिळून एक घेतला तर सगळ्यांना पुरतो.

पैशाचं

आपल्या भागात शूटिंगला पैसा जमवणं काय असतं ते माहितीये, सोयाबीनच्या भावावर घरातले निर्णय होतात. म्हणून क्रम सांगतो. सुरुवातीला क्लबची रायफल वापरा, तीन-चार महिने तरी. त्या काळात पहिला खर्च जॅकेटवर करा, लेकराच्या मापाचं, कारण पाठीला आणि खांद्याला आधार तेच देतं. मग बूट-पँट आणि चांगले मॅच छर्रे. त्यानंतर रायफल. देशी कंपन्यांच्या रायफली हजारांत मिळतात आणि ओपन साइटपासून, म्हंजे पीप नसलेल्या साध्या खाचेच्या साइटपासून, सुरुवात करायला त्या पुरतात, बाहेरच्या मॅच रायफली दोन-अडीच लाखांच्या पुढं जातात. शाळेची ड्रेस जशी वाढत्या अंगाची शिवतात तशी रायफल मोठ्या मापाची घेऊ नका, बट प्लेट आणि चिक पीस लहान मापालाबी येतात असा स्टॉक बघा, ज्युनियर मॉडेल त्यासाठीच असतात.

माझं मत विचाराल तर लेकरू बारा ते चौदा, जिल्हा आणि विभाग पातळीवर खेळतंय, तर बुशिंगवाला पॉलिमर नाहीतर लॅमिनेट लाकूड, पीसीपी, हलकी. लेकरू पंधरा-सोळाचं झालं, उंची थांबत आली, राज्याला नाहीतर मावळणकर या देशपातळीच्या शूटिंग स्पर्धेला जायची तयारी आहे, तर तेव्हा अ‍ॅल्युमिनियम, आणि तेव्हा मात्र काटकसर करून खालचं मॉडेल घेण्यापेक्षा सहा महिने थांबून सेटिंग पूर्ण असलेलं घ्या. आणि ज्यांनी पॉलिमरची आधीच घेतलीय त्यांनी मन खट्टू करायचं कारण नाही, नुसती सरकणारी बट प्लेट आणि वेगळा चिक पीस बसवून घेतला तरी निम्मं काम होतं आणि खर्च रायफलच्या मानानं थोडा येतो.

सांभाळ

आपल्याकडची धूळ बारीक असते, काळ्या रानातली, मार्च-एप्रिलच्या वावटळीत तर घरात बसून दारं लावली तरी येते. सरकपट्ट्यांत ती गेली की तेलात मिसळून घासपेपरचं काम करते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना तेल लावून चकाचक ठेवायचं नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचं. पॉलिमरला पेट्रोल, थिनर असलं काही लावू नका, ओल्या कापडानं पुसून कोरडं करा. नळीत तर काहीबी ओतायचं नाही, मॅन्युअलमध्ये सांगितलं तेवढंच. छर्रे शिशाचे असतात, प्रॅक्टिस झाली की लेकराला साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका, हे स्टॉकबद्दल नाही पण सांगायलाच पाहिजे.

मॅचसाठी पुण्याला बालेवाडीला जायचं तर रात्रभराचा प्रवास, बहुतेक जण एसटीनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं जातात. आत फोम असलेली कडक केस घ्या, कुलूप लावा, बिलाची झेरॉक्स, क्लबचं पत्र आणि स्पर्धेचं पत्रक वरच्या कप्प्यात ठेवा, कुणी विचारलं की लगेच दाखवता येतं. केस डिकीत टाकू नका, आपल्या रस्त्यांवर डिकीतलं सामान किती आदळतं ते सगळ्यांना माहिती आहे, आणि उन्हाळ्यात डिकी तापते. सिलिंडर पूर्ण भरून तापत्या जागी ठेवायचा नाही. पोचल्यावर रायफल लगेच काढून मारायला सुरुवात करू नका, केस उघडून अर्धा-पाऊण तास रेंजच्या हवेत राहू द्या, एसी रेंज असेल तर जास्त, मग स्क्रूवरच्या रेघा बघा, बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा, चिक पीस आणि बट प्लेटची मापं वहीशी जुळवा, आणि त्यानंतर साइटिंगच्या, म्हंजे नेम जुळवायच्या, मार्कांत न धरल्या जाणाऱ्या गोळ्या मारा. ६० गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात आणि त्याआधी तयारी आणि साइटिंगला १५, त्या १५ मिनिटांत अ‍ॅलन की हुडकत बसायची वेळ येऊ नये म्हणून की रायफलच्या केसमध्येच, दोरीनं बांधून ठेवा.